काटा कुठं हाये?

खोली भाड्यानं द्यायची म्हटली की घरमालक काय विचारतात? जात आडून विचारतात, लग्न झालंय का ते सरळ विचारतात आणि पाणी किती लागतं ते दोनदा विचारतात. बाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. मी नुकतीच जालन्याला एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीत लागले होते आणि त्यांच्या माडीवरची खोली बघायला गेले होते. काम काय करतेस, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं की प्रयोगशाळेत बियांची उगवण तपासते. म्हणजे प्रत्येक लॉटमधून शंभर बिया घ्यायच्या, ओल्या कागदात गुंडाळून ठेवायच्या आणि आठवड्यानं कागद उलगडून किती उगवल्या ते मोजायचं.

"मंग आज शंभरात किती उगवले?" बाई म्हणाल्या.

"कपाशीचे अठ्ठ्याऐंशी."

"बारा कामून राह्यले?"

हे मला माझ्या साहेबांनीही कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, माहीत नाही. बाई खूश झाल्या. "माहीत न्हाई म्हणणारं माणूस बरं असतं," म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. त्या दिवसापासून मी कामावरून आले की फाटकाची कडी वाजायचा अवकाश, ओट्यावरून प्रश्न यायचा, "आज शंभरात किती?" आधी मला वाटलं, म्हातारीची करमणूक आहे. मग लक्षात आलं की त्या माझे आकडे पाठ ठेवतात. मागच्या मंगळवारी सोयाबीनचे पंच्याहत्तर होते, आज एकाहत्तर कसे, असं विचारायच्या.

बाई तीर्थपुरीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलता मुलगा पुण्याला. शाळा सुटली तरी त्यांचा तास सुटला नव्हता. रोज दुपारी तीन वाजता त्या घराच्या चारही भिंतींना हात लावून बघायच्या आणि जी सगळ्यात कमी तापली असेल तिला खाट लावायच्या. दूधवाल्याला एकदा थांबवून त्यांनी विचारलं की म्हशीनं आज पाणी जास्त पिलं की तुम्ही पाजलं. तो बिचारा दुसऱ्या दिवसापासून घट्ट दूध घालायला लागला.

बोलताना त्यांची मान तिरकी असायची. समोरच्याकडे सरळ न बघता जरा बाजूनं बघायच्या, कोंबडी दाणा बघते तसं. मला वाटायचं, वर्गात मागच्या बाकावर कोण काय करतंय हे बघून बघून लागलेली सवय असेल. हे मुद्दाम आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं ते कामाला येणार आहे आणि तेव्हा मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

बाईंच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी पेट्रोलची जीप होती. सरकारी लिलावात त्यांनी ती स्वतःच्या पगारातून घेतली होती. "आमचे हे म्हणले, बाईमाणूस जीप चालवणार का? मी म्हणलं, जीपला इचारून बघा, तिची काही हरकत हाये का." त्या काळी तीर्थपुरीच्या बाजारातून बाईंची जीप निघाली की लोक भाजीचं माप अर्धवट धरून बघत राहायचे म्हणे. आता त्या फक्त रविवारी काढायच्या. धाकटी बहीण अजून तीर्थपुरीला होती, तिच्याकडे सकाळी अंबडमार्गे जायचं आणि दिवस मावळताना परत यायचं. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस त्या रविवारच्या तयारीत जायचे.

तर या जीपचे मीटर दिसत नव्हते. पेट्रोलचा एक, इंजिन किती तापलं त्याचा एक आणि वेगाचा एक, असे तीन मीटर. त्यांच्या आत हिरवट उजेडाचे छोटे दिवे. परत येताना अंधारलं की ते दिवे लागायचे खरे, पण देवघरातली वात तेल संपल्यावर मिणमिणते ना, तसे. इंजिन तापकट होतं. काटा वर चढला आणि तो दिसलाच नाही तर इंजिनच बसायचं.

मुलानं फोनवर तिथंच बोट ठेवलं. "आई, तुला मीटर दिसत नाही म्हणजे तुझे डोळे गेलेत. दिवाळीला येतो आणि जीप विकून टाकतो."

"डोळे तर मी नवे करून आणलेत," बाई म्हणाल्या. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं होऊन चार वर्षं झाली होती. "दिवे मंद हायेत. दिवे नीट करते. त्याच्यावर बी काटा दिसला न्हाई तर तू म्हणशील तसं." फोन ठेवून त्या माझ्याकडे तिरक्या बघत म्हणाल्या, "ऐकलं ना? आता साक्षीदार तू."

मला वाटलं होतं, मिस्त्री बोलावतील, तो बल्ब बदलेल आणि संपलं. मिस्त्री आले. जुन्या जालन्यातले वयस्कर चाचा, गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात मुरलेला. डॅशबोर्डच्या खाली मान घालून त्यांनी निकाल दिला, "बाई, पुरानी गाडी है. बॅटरी से बारा वोल्ट निकलते, यहाँ आते आते थक जाते."

"थकत न्हाई चाचा, वीज थकत नसती. कुठंतरी सांडून राह्यली. कुठं सांडती ते बघू."

आणि मग तो प्रयोग सुरू झाला. बाईंनी एक वही काढली, तिच्यात चार रकाने आखले. तारीख, काय केलं, काय दिसलं, कोणी बघितलं. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जिथं जिथं तारेला सांधा होता तिथं तिथं चाचांनी वोल्ट मोजायचं यंत्र लावलं. बारा, मग साडेअकरा, मग नऊ, आणि दिव्याशी जेमतेम सात. वाटेत चोरी करणारा सापडला तो अर्थिंगचा स्क्रू. त्याच्याखाली कुणीतरी कधीकाळी रंग फासला होता आणि रंगाखाली गंज धरला होता. चाचांनी पॉलिश पेपरनं घासून पत्रा उघडा केला, नवी तार दिली. दिव्याशी साडेअकरा वोल्ट आले. चाचा हसून म्हणाले, "बाई, आप स्कूल में नहीं, मेरे गॅरेज में होना था."

आता मीटरचा उजेड बघायचा तर अंधार हवा. बाईंना अंधार पडेपर्यंत थांबायचा धीर नव्हता. त्यांनी भर दुपारी जीपवर ताडपत्री टाकली, चारही बाजूंनी विटा ठेवून दाबली आणि आम्ही दोघी आत जाऊन बसलो. सुट्टीच्या दिवशी जालन्याच्या उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली. घामाच्या धारा. शेजारच्या वहिनींनी एकदा ताडपत्रीतून आवाज ऐकला आणि कुणी तरी जीप चोरतंय म्हणून आरडाओरडा केला. बाईंनी आतूनच सांगितलं, "आम्ही दिवा बघून राह्यलो. तुमाला बघायचा असंल तर या, पर वीट पहिल्यासारखी ठिवा."

दिवा सुधारला होता, पण बाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी मोठे बल्ब लावायला सांगितले. दहा मिनिटांत जळका वास सुटला. बल्बवरची हिरवी प्लास्टिकची टोपी उष्णतेनं वितळून खाली बसली होती. वहीत नोंद झाली, 'मोठा दिवा : टोपी वितळली. चूक माझी.' मग एलईडी आणले. ते इतके पांढरेफटक पडले की मीटरपेक्षा समोरच्या काचेतच जास्त दिसायला लागले. तेही काढले. शेवटी बाईंनी मीटर उघडायलाच लावले, आणि तिथं खरी गंमत होती. मीटरच्या डब्याला आतून पांढरा रंग असतो, दिव्याचा उजेड त्या पांढऱ्यावर आपटून आकड्यांवर पडतो. तो रंग इतक्या वर्षांत चहाच्या गाळणीसारखा काळपट झाला होता. उजेड तिथंच मुरत होता. बाईंनी बारीक ब्रश आणून आतून पांढरा रंग दिला, दोन दिवस वाळू दिला, पहिल्यासारखेच छोटे बल्ब नव्या टोप्यांसकट बसवले.

त्या दिवशी ताडपत्रीखाली दिवे लावले आणि मी थक्क झाले. आकडे उठून दिसत होते. काट्याचं लाल टोक दिसत होतं. पेट्रोलच्या मीटरवरची पाव, अर्धा, पाऊण अशी प्रत्येक खूण मला सीटवरून वाचता येत होती.

बाई पुढं वाकल्या. मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला केली. बराच वेळ बघितलं.

"काटा अर्ध्यावर हाये," त्या म्हणाल्या. "बराबर?"

काटा पावावर होता. अगदी पावावर.

आता इथं मी काय करायला हवं होतं हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण बाईंच्या चेहऱ्यावर घाम होता, हाताला पांढरा रंग लागलेला होता आणि दिवाळी तीन आठवड्यांवर होती. जीप गेली की बाईंचा रविवार गेला, हे मला दिसत होतं. मला वाटलं, एका खुणेचा तर फरक आहे.

"बराबर," मी म्हणाले.

बाईंनी वहीत लिहिलं. कोणी बघितलं, या रकान्यात माझं नाव लिहिलं. त्या आठवड्यात आणखी तीनदा आम्ही ताडपत्रीखाली बसलो, तीनदा बाईंनी काटा सांगितला आणि तीनदा मी बराबर म्हणाले. पहिल्यांदा खोटं बोलायला जड गेलं होतं. शेवटच्या वेळी मी काट्याकडे बघितलंही नाही.

रविवारी बाई तीर्थपुरीला गेल्या. दिवेलागणीला यायच्या त्या बऱ्याच उशिरा आल्या. मी फाटकात उभी होते. विचारलं तर म्हणाल्या, "थोडी थांबले व्हते वाटंत." त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही. मला वाटलं, बहिणीशी काही बोलाचाली झाली असेल.

बुधवारी मी कामावरून आले तर शेडमध्ये ताडपत्री टाकलेली होती. बाई आत बसल्या होत्या. "ये," म्हणाल्या. मी बसले. त्यांनी दिवे लावले, वाकल्या, मान तिरकी केली.

"अर्ध्याच्या वर हाये. पाऊण धर. बराबर?"

"बराबर," मी म्हणाले.

"नीट बघून सांग."

"पाऊणच आहे बाई."

बाई सीटला मागं टेकल्या. मग म्हणाल्या, "दुपारी चाचाला बोलावून मी मीटरची तार काढून ठिवली. काटा खाली पडेल हाये. टाकीत किती बी पेट्रोल असू दे, तो हलणार न्हाई."

त्या दिवशी मी तेव्हा पहिल्यांदा मीटरकडे बघितलं. काटा तळाला पडलेला होता, आणि आम्हीच केलेल्या त्या सुंदर उजेडात तो स्वच्छ दिसत होता.

"रविवारी अंबडच्या अलीकडं पेट्रोल संपलं," बाई सांगत होत्या, आवाज न चढवता. "दोन्हीकडनं कपाशी. चिटपाखरू न्हाई. दीडएक तास उभी व्हते. मंग एका टेंपोवाल्यानं बाटलीभर दिलं. घरी येऊन मी सीट उचलली, खालच्या टाकीत फूटपट्टी बुडवून बघितली, वही काढून हिशोब लावला. अर्धी टाकी घेऊन निघाले असते तर संपायलाच नको व्हतं. मला दिसलं न्हाई, ते माझं. पर तुला तर दिसत व्हतं ना?"

"दिसत होतं."

"मंग?"

मी म्हणाले, तुमची जीप जाऊ नये म्हणून. हे बोलताना मला स्वतःलाच ते किती पोकळ वाटलं. मी बाईंना अंधारात रस्त्यावर उभं केलं होतं आणि वर त्यांच्यावर उपकार केल्याच्या थाटात आठवडाभर वावरले होते. मला फार लाज वाटली.

"चुकीचं उत्तर चालतं," बाई म्हणाल्या. "वर्गात निम्मे चुकीचेच असायचे. न बघता दिलेलं चालत न्हाई." मग त्यांनी जे विचारलं ते मी अजून विसरले नाही. "शंभरात किती उगवले ते रोज सांगती. ते बी असंच का?"

"नाही बाई. ते सगळे खरे आहेत. मोजलेले आहेत."

"असतील," त्या म्हणाल्या. "पर आता मला कसं कळावं?"

ताडपत्रीखाली उकाडा होता आणि उठून जायची मला हिंमत होत नव्हती. काहीतरी एक तरी खरं सांगावं म्हणून मी म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्याकडं सरळ बघत नाही. मान तिरकी करून बघता."

"कोण, मी?"

"हो. सगळ्यांकडंच."

"कधीपासून?"

"मी राहायला आले त्या दिवसापासून."

बाईंनी माझ्याकडे तोंड केलं. मान सरळ ठेवली, एक डोळा मिटला, मग दुसरा. बराच वेळ त्या तशा बघत राहिल्या. "तुझं तोंडच न्हाई दिसून राह्यलं," त्या हळू म्हणाल्या. "कान दिसते. खांदा दिसतो. मधलं न्हाई." आणि मग, मला वाटतं स्वतःलाच, म्हणाल्या, "दुनियेचं निरीक्षण केलं. माझ्याच मानंचं राह्यलं."

दुसऱ्या दिवशी मी रजा काढून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू नव्हता, आतला पडदा मधोमध झिजला होता. कडेचं दिसत राहील, म्हणून घरात अडचण नाही, पण गाडी बंद, डॉक्टर म्हणाले. बाईंनी त्यांना पडद्याची आकृती काढून समजावून सांगायला लावलं आणि शेवटी शिकवणं चांगलं आहे म्हणून शाबासकी दिली. घरी येऊन मुलाला फोन लावला.

"डोळ्याचं तुझं बराबर व्हतं. मी आता चालवत न्हाई. पर दिव्याचं माझं बी बराबर व्हतं, सात वोल्टच येत व्हते. म्हणून जीप विकायची न्हाई."

"मग चालवणार कोण?" तो म्हणाला.

बाईंनी मला विचारलंसुद्धा नाही. "हिला शिकवते," म्हणाल्या.

एमआयडीसीतले रस्ते सुट्टीच्या दिवशी मोकळे असतात. तिथं सळईच्या कारखान्यांच्या भिंतींमधून बाईंनी मला जीप शिकवली. त्या शेजारच्या सीटवर बसायच्या आणि नुसत्या आवाजावरून सांगायच्या, आता गिअर बदल, आता क्लच अर्धा सोडलाय, पाय काढ. जीपबद्दल त्यांच्या कानांना सगळं कळत होतं. फक्त काटा ऐकू येत नव्हता. म्हणून थोड्या थोड्या वेळानं विचारायच्या, "इंजिनाचा काटा कुठं हाये?" मी बघून सांगायचे. गाडी थांबली की वही माझ्या मांडीवर यायची, कारण तोवर डोळे आणखी उतरले होते आणि त्यांना लिहिता येत नव्हतं. मी तारीख लिहायचे, काटा कुठं होता ते लिहायचे, कोणी बघितलं त्या रकान्यात माझं नाव लिहायचे.

"पुढं प्रश्नचिन्ह टाक," बाई म्हणायच्या.

मी टाकायचे. रागानं त्या म्हणत नव्हत्या, माझ्याशी इतर बाबतींत नेहमीसारखंच बोलायच्या, माझ्या हातची भाकरी नावं ठेवून खायच्या. पण ज्या साक्षीदारानं एकदा न बघता सांगितलं त्याच्या नोंदीपुढं प्रश्नचिन्ह असायचंच, हा त्यांचा हिशोब होता आणि मला तो मान्य होता. सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. कामावरून आले की ओट्यावरून प्रश्न येणं बंद झालं होतं. आल्यावर चहा घेतेस का, एवढंच विचारायच्या.

संक्रांतीनंतर मी पहिल्यांदा त्यांना तीर्थपुरीला घेऊन गेले. होळी झाली, ऊन वाढलं. रविवारमागून रविवार आम्ही जात राहिलो आणि वहीची पानं माझ्या नावानं आणि माझ्याच हातच्या प्रश्नचिन्हांनी भरत गेली.

त्यातल्याच एका रविवारी परत येताना बाई मजेत होत्या. बहिणीनं पुरणाची पोळी खायला घातली होती आणि उजेड असतानाच घरी पोचू म्हणून मी जीप जरा दामटत होते. अंबड मागं पडलं. बाईंनी विचारायच्या आधीच माझं लक्ष इंजिनाच्या मीटरकडे गेलं. काटा लाल खुणेच्या जवळ होता. तशीच वीसेक मिनिटं चालवली असती तर कदाचित घर आलंही असतं. मी जीप बाजूला घेतली.

"काय झालं? आवाज तर बराबर हाये," बाई म्हणाल्या.

"काटा लाल खुणेच्या एक बोट अलीकडं आहे. मीच जोरात चालवली बाई."

बॉनेट उघडलं. इंजिन निवेपर्यंत थांबणं भाग होतं. दोन्हीकडनं मोकळी रानं, कपाशी कधीच उपटून गेलेली. अंधारून आलं तशी मी आत येऊन दिवे लावले. आकडे उठून दिसले, त्यांच्या उजेडात वही उघडली आणि लिहिलं. तारीख. काटा लाल खुणेच्या एक बोट अलीकडे, कारण जास्त वेग. कोणी बघितलं, तिथं माझं नाव. पेन तसंच धरून मी थांबले.

बाई समोर बघत होत्या. मान तिरकी नव्हती, कारण त्या कशाकडेच बघत नव्हत्या. नेहमीचं वाक्य आलं नाही, म्हणून मीच विचारलं, "प्रश्नचिन्ह टाकू ना?"

बाईंनी मान माझ्याकडे वळवली, जरा तिरकी केली आणि मला कडेनं शोधून काढलं.

"काल शंभरात किती उगवले?" त्या म्हणाल्या.

 आकडा फार वाईट होता, अख्खा लॉट नापास झाला होता आणि साहेब माझ्यावर चिडले होते. जो होता तो मी सांगितला.